बर्फाचा द्रवणांक आणि संगणकातले पाणी



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठीतून पदार्थविज्ञान शिकलो, त्याच शाळेच्या सभागृहात, ज्यांनी ते शिकवले त्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणारे व्याख्यान देण्यासाठी मंडळाने मला बोलावले, याबद्दल मी मनःपूर्वक ऋणी आहे. या हैदराबादेत चहूकडे तेलुगू आणि उर्दू कानांवर पडत असताना 'उष्णता' आणि 'तापमान' यांतला भेद आम्हाला घरच्या भाषेत समजावून दिला गेला. त्याचे मोल पुढे इंग्रजीतून शिकण्याची आणि शिकवण्याची वेळ आली तेव्हा कळले. निमंत्रणासोबत मंडळाने एक विनंती केली होती : 'आपण जे काम करता त्याविषयीच बोला, मात्र सर्वांना समजेल असे बोला.' या विनंतीचा उत्तरार्ध कितपत पाळता येईल ते पाहू. बोलण्याच्या ओघात आकडे बरेच येतील. सरांच्या तासाला फळ्यावर आकडा नसलेला दिवस मला आठवत नाही, तेव्हा श्रोत्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.

मी पाण्यावर काम करतो, परंतु माझ्या प्रयोगशाळेत नळ नाही. माझे पाणी संगणकात असते. ते कधी गोठते, कधी वितळते, आणि ते नेमके किती अंशांवर वितळते हे ठरवण्यात माझ्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. बर्फ शून्य अंशावर वितळतो हे इथल्या पाचवीच्या मुलालाही ठाऊक आहे. मग हा माणूस इतकी वर्षे करीत काय होता, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर देण्याआधी मला आपल्याला १९८१ सालच्या फेब्रुवारी महिन्यातल्या एका तासाला न्यायचे आहे.

नववीचा वर्ग. सरांनी दोन मुलांना सुलतान बाजाराच्या दिशेने पिटाळले होते आणि ती गोणपाटात गुंडाळलेला, भुसा चिकटलेला लादीचा एक तुकडा घेऊन आली होती. तो धुतला, फोडला, काचेच्या नरसाळ्यात भरला आणि त्यात तापमापी खोचला. जोडीजोडीने जाऊन दर मिनिटाला वाचन घ्यायचे आणि वहीत लिहायचे. तास संपताना सरांनी वह्या गोळा केल्या. जवळजवळ सर्व वह्यांत शून्य, शून्य आणि शून्य. सरांनी नरसाळे उचलून पहिल्या बाकासमोर आणले आणि विचारले, "पारा कुठे आहे ते वाच." मुलाने वाचले : दीड अंश.

त्या तापमापीचे शून्य सरकलेले होते. बर्फात काही दोष नव्हता. तो दीड अंश वर्गातल्या प्रत्येकाने पाहिला होता आणि लिहिला कोणीच नव्हता. फक्त एका मुलीच्या वहीत आधी १.५ लिहून, तो खोडून, त्यावर शून्य काढलेले होते. सरांनी तिला खोडलेल्या आकड्याचे पूर्ण गुण दिले. बाकीच्यांना, माझ्यासह, आम्ही लिहिलेलाच आकडा गुण म्हणून मिळाला. "बर्फ शून्यावर असतो हे ठाऊक आहे म्हणूनच या तापमापीतून दीड वजा करायचा हे आपल्याला कळते," सर म्हणाले, "पण दीड लिहिलाच नाहीत, तर वजा कशातून करणार?"

हा प्रसंग मी भावनेच्या भरात सांगितलेला नाही. त्याची गरज पुढे लागणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बर्फाचा द्रवणांक शोधून काढण्यासाठी संगणकाची गरज नाही, हे अगदी खरे. किंबहुना १९५४ पासून २०१९ पर्यंत केल्विन या एककाची व्याख्याच पाण्यावर आधारलेली होती. बर्फ, पाणी आणि वाफ ही तिन्ही ज्या एकाच तापमानाला एकत्र नांदतात ते २७३.१६ केल्विन, असे ठरवूनच टाकलेले होते. मे २०१९ पासून ती व्याख्या बदलली, पण बर्फ आहे तिथेच वितळतो. संगणकात आपण परीक्षा घेतो ती पाण्याविषयीच्या आपल्या समजुतीची. दोन रेणू एकमेकांना कोणत्या अंतरावर किती जोराने ओढतात वा ढकलतात, याचे एक सूत्र आपण लिहितो. या सूत्राला मी प्रतिमान म्हणेन. ते संगणकाला देतो, हजार-दोन हजार रेणू मांडतो आणि न्यूटनच्या नियमांनुसार त्यांना हलू देतो. इंग्रजीत याला सिम्युलेशन म्हणतात, मराठीत सदृशीकरण. सूत्र खरे असेल तर संगणकातला बर्फ शून्यावर वितळला पाहिजे.

ही परीक्षा इतकी कठोर का, ते एका साध्या हिशेबाने कळते. एक मोल, म्हणजे १८ ग्रॅम, मोठा चमचाभर बर्फ वितळवायला सुमारे ६०१० जूल ऊर्जा लागते. तिला २७३ ने भागा, २२ येतात. याचा अर्थ असा की बर्फ आणि पाणी यांच्या ऊर्जांतला फरक मोजताना प्रतिमानाची मोलमागे २२ जुलांची चूक झाली, तर द्रवणांक साधारण एका अंशाने सरकतो. आता याच बर्फाचे सगळे रेणू एकमेकांपासून सोडवून त्यांची वाफ करायची तर सुमारे ५१,००० जूल लागतात. म्हणजे लाख रुपयांच्या जमाखर्चात त्रेचाळीस रुपये इकडचे तिकडे झाले की बर्फ एक अंश अलीकडे वा पलीकडे वितळणार. पाण्याची घनता किंवा त्याची प्रवाहिता जुळवून आणणे त्या मानाने सोपे आहे. द्रवणांक कोणाची भीडमुर्वत ठेवत नाही.

पाण्याच्या रेणूचे पहिले उपयुक्त चित्र १९३३ साली बर्नाल आणि फाउलर या दोन शास्त्रज्ञांनी काढले. आदल्या वर्षी मॉस्कोच्या विमानतळावर धुक्यामुळे अडकून पडले असताना त्या दोघांत धुक्यावरून पाण्याची चर्चा निघाली आणि तिचा शेवट त्या प्रसिद्ध निबंधात झाला, असे सांगतात. त्यांच्या चित्रात दोन हायड्रोजनांवर धन विद्युतभार होता, आणि ऋण भार ऑक्सिजनच्या केंद्रावर न ठेवता किंचित हायड्रोजनांच्या बाजूला सरकवलेला होता. ही किंचित सरकवण्याची युक्ती लक्षात ठेवावी. पन्नास वर्षांनी ती पुन्हा कामास आली.

कागदावरचे हे पाणी संगणकात वाहते करणाऱ्या माणसाचे नाव या शहरात घेतलेच पाहिजे, आणि ते फारसे घेतले जात नाही. अनिसुर रहमान यांचा जन्म १९२७ साली इथे, हैदराबादेत झाला. केंब्रिज आणि बेल्जियममधील लूव्हाँ येथे शिकून ते पुढे शिकागोजवळच्या आर्गॉन प्रयोगशाळेत गेले. तिथे १९६४ साली त्यांनी द्रवरूप अरगॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर गणित करून दाखवली. खऱ्या द्रवाशी ताडून पाहता येईल असे ते पहिले सदृशीकरण होते. १९७१ साली फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू घेतले. त्या पाण्याचे तापमान होते ३४.३ अंश, म्हणजे आपल्याकडची मार्चमधली दुपार. १९८७ साली ते निवर्तले. संगणकीय पदार्थविज्ञानासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी जो पुरस्कार देते तो त्यांच्याच नावाचा आहे. माझ्या क्षेत्रातला परदेशी मनुष्य हैदराबाद म्हटले की चारमिनार किंवा बिर्याणी आठवण्याआधी कधी कधी रहमानांचे नाव काढतो, तेव्हा मला बरे वाटते.

यानंतर प्रतिमानांचे पीक आले. १९८१ साली हॉलंडमध्ये बेरेंडसेन यांनी एसपीसी हे साधे प्रतिमान केले आणि १९८७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती, एसपीसी-ई. अमेरिकेत जॉर्गेनसेन यांनी १९८३ साली टिप-३-पी आणि टिप-४-पी ही भावंडे प्रसिद्ध केली. नावे कानाला विचित्र वाटतील, पण त्यातले ३ आणि ४ हे आकडे रेणूतील बिंदूंची संख्या सांगतात. टिप-४-पी मधला चौथा बिंदू म्हणजे बर्नाल-फाउलरांनी सरकवलेला तोच ऋण भार. ही सर्व प्रतिमाने खोलीच्या तापमानाच्या पाण्यावर बेतलेली होती. बर्फाचे काय होते, हे तेव्हा कोणी फारसे विचारत नव्हते.

२००३ साली मी ते विचारायचे ठरवले.

माझी रीत सरळ होती. संगणकात बर्फाचा स्फटिक रचला. तापमान पाच-पाच अंशांनी वाढवत नेले आणि स्फटिक कधी कोसळतो ते पाहिले. चुलीवर भांडे ठेवावे तसे. गणिताची प्रत्येक पायरी दोन फेम्टोसेकंदांची असते. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा, त्यांतल्या एकाचे पुन्हा दहा लाख, आणि त्यातल्याही एकाचे हजार, म्हणजे एक फेम्टोसेकंद मिळेल. एका नॅनोसेकंदाची हालचाल पाहायला पाच लाख पायऱ्या लागतात. रात्री काम लावून द्यावे आणि सकाळी चहाआधी जाऊन पाहावे, असा माझा क्रम होता. टिप-४-पी चा बर्फ मला ४५ अंशांच्या आसपास वितळलेला दिसला. हे उत्तर मला पसंत पडले नाही. मग एसपीसी-ई घेतले. ते २० अंशांवर टिकले आणि २५ वर कोसळले. म्हणजे द्रवणांक सुमारे २२ अंश. शून्यापासून फार दूर नाही! इतक्या साध्या सूत्राकडून याहून अधिक काय अपेक्षावे, असे मनाशी म्हणून मी टिप-४-पी चे कागद खणात ठेवले आणि एसपीसी-ई चा सुबक आलेख काढून संस्थेतल्या परिसंवादात मांडला.

मागच्या रांगेतून एका वयोवृद्ध शास्त्रज्ञांनी शांतपणे विचारले, "वितळलेले पाणी उलट थंड करून पाहिलेत का?"

मी पाहिले नव्हते. परत येऊन पाहिले. २२ वर वितळलेले ते पाणी २२ वर गोठेना, शून्यावर गोठेना, उणे ५० वरही नुसते घट्ट आणि मंद होत गेले. वितळण्याचा एक आकडा आणि गोठण्याचा दुसरा, असे होऊ शकत नाही. द्रवणांक म्हणजे ज्या तापमानाला दोघांपैकी कोणाचेच पारडे जड नसते ते तापमान. माझा आकडा द्रवणांकाचा नव्हताच.

चूक कुठे होती ते सांगतो, कारण ती मोठी शिकवणारी आहे. संगणकातली पेटी छोटी असते, म्हणून आपण एक युक्ती करतो : उजव्या भिंतीतून बाहेर पडलेला रेणू डाव्या भिंतीतून आत येतो. त्यामुळे पेटीतल्या स्फटिकाला कडाच नसते. तो सर्व दिशांनी स्वतःलाच चिकटलेला असतो. आणि खरा बर्फ वितळतो तो कडेपासून. बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवाचा पातळ थर असतो, असे फॅरडे यांनी १८५० सालीच सुचवले होते. आपल्याकडे लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळतात तीही पृष्ठभाग सांभाळण्यासाठीच. ज्या बर्फाला पृष्ठभागच नाही, त्याला वितळायला सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. तो आपल्या द्रवणांकाच्या पुष्कळ पुढे जाऊनही स्फटिकच राहतो. उलट दिशेनेही तेच. पाण्याला गोठायचे तर आधी बर्फाचे बीज जुळून यावे लागते आणि तो योगायोग संगणकाच्या इवल्याशा काळात सहसा घडत नाही. २००२ साली मात्सुमोतो, साइतो आणि ओमिने या जपानी शास्त्रज्ञांनी ५१२ रेणूंचे शुद्ध पाणी संगणकात गोठवून दाखवले, तेव्हा ती जगभर बातमी झाली होती.

मग खरा आकडा काढायचा कसा? दोन वाटा आहेत.

पहिली मुक्त ऊर्जेची. प्रत्येक तापमानाला बर्फाची मुक्त ऊर्जा किती आणि पाण्याची किती, ते वेगवेगळे मोजायचे. ज्या तापमानाला दोन्ही सारख्या, तो द्रवणांक. मुक्त ऊर्जा तापमापीसारखी थेट वाचता येत नाही. १९८४ साली फ्रेंकेल आणि लॅड यांनी स्फटिकासाठी एक उपाय काढला. प्रत्येक रेणू आपापल्या जागी काल्पनिक स्प्रिंगने बांधायचा. अशा बांधलेल्या स्फटिकाची मुक्त ऊर्जा कागदावर काढता येते. मग स्प्रिंगा हळूहळू सैल करत खऱ्या स्फटिकाकडे यायचे आणि वाटेत लागलेल्या कामाचा हिशेब ठेवायचा. हा हिशेब करणारा पुष्कळदा एका जागी फसतो. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला चार शेजारी असतात. दोन हायड्रोजन त्याच्या जवळ आणि दोन शेजाऱ्यांच्या जवळ. पण कोणते दोन, याला पुष्कळ पर्याय असतात आणि निसर्ग त्यांतला एक निवडून बसत नाही. १९३५ साली पॉलिंग यांनी हे पर्याय मोजले : दर रेणूमागे दीडपट. संगणकात मात्र आपण एकच मांडणी ठेवलेली असते आणि तेवढ्या वेळात ती बदलत नाही. म्हणून पॉलिंगांचा हा दीड हाताने हिशेबात घालावा लागतो. खऱ्या पाण्याचे आकडे घेऊन पाहिले तर तो विसरल्यास द्रवणांक सुमारे ३५ अंश खाली जातो. सरांच्या तापमापीतलाही दीडच होता, हा निव्वळ योगायोग.

दुसरी वाट डोळ्यांनी पाहण्याची. एका लांबट पेटीत अर्धा बर्फ आणि अर्धे पाणी शेजारी शेजारी ठेवायचे. आता बर्फाला कड मिळाली आणि पाण्याला बीज मिळाले. तापमान आणि दाब स्थिर ठेवून वाट पाहायची. बर्फ पाण्याला खात पुढे सरकला तर पेटीतली ऊर्जा उतरत जाते, आणि पाणी बर्फाला खाऊ लागले तर चढत जाते. मग तापमान बदलून पुन्हा. असे करत वरून आणि खालून कोंडी आवळत आणायची. द्रवणांकाच्या अगदी जवळ आल्यावर ही सीमारेषा इतकी रेंगाळते की धीर सुटतो. कधी कधी त्याच तापमानाला एका खेपेस सगळे गोठते आणि दुसऱ्या खेपेस सगळे वितळते. त्यामुळे एकच खेप पाहून निर्णय देता येत नाही, बऱ्याच कराव्या लागतात. या कामात मी स्वतः काही वर्षे काढली आहेत, आणि पडद्यावर षट्कोनांची एकेक ओळ पाण्यात उगवत जाताना पाहण्याचा आनंद अजून शिळा झालेला नाही.

२००५ साली माद्रिदच्या विद्यापीठातील कार्लोस वेगा, आबास्काल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुक्त ऊर्जेच्या वाटेने सर्व प्रचलित प्रतिमानांचे द्रवणांक प्रसिद्ध केले, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या वाटेने तपासून पाहिले. दोन्ही वाटा थोड्याफार अंशांच्या फरकाने एकाच गावी पोहोचल्या. मी तो निबंध उघडला आणि प्रथम माझ्या एसपीसी-ई चा आकडा शोधला. उणे ५८.

त्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली होती : कड नसलेला बर्फ द्रवणांकाच्या पुढे सुमारे ८० ते ९० अंश तग धरतो. मी कागदाच्या कोपऱ्यात बेरीज मांडली. उणे ५८ अधिक ८०. बावीस.

माझ्या प्रतिमानाची चूक ५८ अंश खाली होती, माझ्या रीतीची चूक ८० अंश वर होती, आणि दोन चुका एकमेकींना मिठी मारून मला बरे दिसणारे उत्तर देत होत्या. पण याहून खोल टोचले ते पुढचे. टिप-४-पी चा खरा द्रवणांक होता उणे ४१. म्हणजे त्या दोघांत बर्फाला अधिक जवळचे तेच होते. त्याचे कागद मी खणात टाकले होते. का? तर त्याचे उत्तर शून्यापासून अधिक दूर दिसत होते म्हणून. इतकेच नव्हे, तर एसपीसी-ई मध्ये नेहमीच्या दाबाला आपला षट्कोनी बर्फ स्थिरच नसतो, हेही आता निष्पन्न झाले होते. त्या प्रतिमानाला पसंत असतो तो 'बर्फ क्रमांक दोन', जो प्रत्यक्षात हजारो वातावरणांच्या दाबाखालीच तयार होतो. नववीत मी न पाहिलेले शून्य लिहिले होते. २००३ साली मी तेच केले होते, फक्त या खेपेस माझ्या हाताशी संगणक होता. सर तेव्हा हयात होते. त्यांना पत्र लिहून ही हकीकत कळवावी असे फार वाटले, पण लिहिले नाही. आता ती इथे सांगतो आहे.

माद्रिदच्या त्या यादीतले इतर आकडेही ऐकण्यासारखे आहेत. एसपीसी उणे ८३. टिप-३-पी उणे १२७. प्रथिनांच्या सदृशीकरणात जगभर वर्षानुवर्षे टिप-३-पी वापरले गेले आणि अजूनही वापरले जाते. ज्या पाण्याचा बर्फ उणे १२७ ला वितळतो त्या पाण्यात औषधांचे रेणू तपासले जातात, हे ऐकून धक्का बसेल. मात्र मी त्याचा फार बाऊ करणार नाही. देहाच्या तापमानाला ते आपले काम बऱ्यापैकी करते, आणि बर्फ हा त्या कामाचा विषयच नसतो. पण त्याच पाण्यावरून कोणी ढगांतल्या हिमकणांविषयी बोलू लागला तर त्याला थांबवायला हवे.

यादीत एक नाव असे होते की ज्याने परीक्षेत जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवले. २००० साली आलेल्या टिप-५-पी चा द्रवणांक होता शून्याच्या वर जेमतेम एक अंश. पण त्याही प्रतिमानात आपला नेहमीचा बर्फ स्थिर नाही, तिथेही क्रमांक दोनच वरचढ. उत्तर बरोबर, बर्फ चुकीचा. याला गुण द्यावेत की नाही, यावर आमच्या क्षेत्रात मते आहेत. माझे मत आपण ओळखलेच असेल.

माद्रिदकरांनी मग स्वतः दोन प्रतिमाने केली, दोन्ही टिप-४-पी च्या घराण्यातली. त्यांतले एक, टिप-४-पी-आइस, त्यांनी द्रवणांक जुळावा म्हणूनच घडवले आणि ते नावातच सांगून टाकले. याला लबाडी म्हणता येणार नाही. बर्फात बुडवून तापमापीचे शून्य लावून घ्यावे तसे ते आहे, आणि लावून घेतले असे उघड लिहिलेले आहे. त्यांनी प्रथम दिलेला आकडा २७२ केल्विन होता. २०१७ साली अधिक काटेकोर गणिताने तो सुमारे २७० भरला, म्हणजे उणे ३. दुसरे प्रतिमान टिप-४-पी-२००५ हे सर्वगुणसंपन्न म्हणून गाजले. पाण्याची घनता सर्वाधिक असते ते ४ अंशांचे तापमान ते जवळजवळ अचूक सांगते, परंतु त्याचा बर्फ उणे २३ ला वितळतो. खऱ्या पाण्यात या दोन बिंदूंमधले अंतर ४ अंशांचे आहे. या घराण्यात ते वीस अंशांच्या खाली काही केल्या येत नाही. एक पांघरूण ओढावे तर पाय उघडे पडतात. ताठर रेणू आणि ठरीव भार यांच्या या चित्राची मर्यादाच इथे दिसते.

मग सूत्रे हाताने बेतण्याऐवजी थेट पुंज यांत्रिकीतून, इलेक्ट्रॉनांच्या गणितातून बले काढली तर? इथे मोठ्या अपेक्षेने जाणाऱ्यांची निराशा झाली. २००९ साली यू, झेंग आणि झँथियस यांनी अशा एका बहुप्रचलित पद्धतीने बर्फाचा द्रवणांक काढला, तो आला ४१७ केल्विन. १४४ अंश सेल्सियस! त्या जगात उकळत्या चहात बर्फाचा खडा घातला तर तो तसाच राहिला असता. पुढे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाचा हिशेब नीट धरू लागल्यावर आकडे उतरत गेले. स्कॅन नावाच्या नव्या पद्धतीत तो सुमारे ३९ अंशांवर आला आहे. इतके जड गणित हजारो रेणूंवर आणि दीर्घ काळ करणे पूर्वी अशक्य होते. २००७ साली बेहलर आणि परिनेल्लो यांनी सुचवलेल्या न्यूरल नेटवर्कच्या रीतीने ते आता होऊ लागले आहे. संगणक इलेक्ट्रॉनांचे गणित काही हजार वेळा करून पाहतो, त्यावरून बलांचा ठेका शिकतो आणि पुढे स्वतःच वेगाने सांगत जातो. इथेही बर्फ आणि पाणी शेजारी ठेवून वाट पाहण्याची ती जुनी रीत मात्र सुटलेली नाही.

शेवटी एक कोडे. आपल्याच राज्यात मणुगूरू येथे जड पाण्याचा कारखाना आहे. जड पाण्यात हायड्रोजनच्या जागी दुप्पट वस्तुमानाचा ड्यूटेरियम असतो, आणि त्याचा बर्फ ३.८ अंशांवर वितळतो. आता गंमत पाहा. न्यूटनच्या यांत्रिकीत द्रवणांक अणूंच्या वस्तुमानावर अवलंबूनच नसतो. वस्तुमानाचा वाटा बर्फ आणि पाणी या दोघांच्या हिशेबात सारखाच येतो आणि उडून जातो. म्हणजे मी आतापर्यंत सांगितलेल्या सर्व पद्धतींना, त्यांच्या नेहमीच्या रूपात, साधे पाणी आणि जड पाणी यांतला फरक दिसतच नाही. हे ३.८ अंश हायड्रोजनच्या केंद्रकाच्या पुंज स्वभावातून येतात. ते पाहायचे तर प्रत्येक अणूच्या जागी मण्यांची एक बंद माळ घालून गणित करावे लागते, आणि काम मण्यांच्या संख्येइतके पट वाढते. २०१० साली रामिरेझ आणि एरेरो यांनी असे गणित केले. साधे पाणी आणि जड पाणी यांच्या द्रवणांकांत त्यांना सुमारे ६.५ अंशांचा फरक मिळाला. दिशा बरोबर, माप मोठे. मी स्वतः सध्या याच फरकाच्या मागे आहे. माझा आकडा अजून ३.८ झालेला नाही, आणि जो आला आहे तो वहीत लिहिलेला आहे.

माझे बोलणे इथे थांबवतो. मुख्याध्यापिका बाईंनी प्रयोगशाळेत बर्फ मागवून ठेवला आहे आणि आठवी-नववीची मुले नरसाळी लावून बसली आहेत. चहापानानंतर ज्यांना सवड असेल त्यांनी वर यावे. तापमापी बहुतेक नवे आहेत, पण काल कपाट आवरताना पिवळट डब्यातला एक जुना सापडला, असे बाईंनी सांगितले. तो सरांच्या वेळचाच आहे की काय, आणि पारा कुठे थांबतो, ते अजून कोणी पाहिलेले नाही.